कूळ, बिऱ्हाडकरू आणि अकरा महिने

‘कूळ’ हा मराठीतील दुहेरी शब्द आहे. कूळ म्हणजे वंश, घराणे. आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मात्र जुन्या मराठीने ‘बिऱ्हाडकरू’ म्हटले आणि बिऱ्हाड तर विंचवाच्याही पाठीवर असते. पनवेलच्या भाड्याच्या घरांचा इतिहास वाचताना हे दोन्ही शब्द हाताशी असावेत. कारण या परिसरात शंभर वर्षांच्या आत कुळे मालक झाली, आणि भाडेकरू मात्र कायद्याच्या भाषेत भाडेकरूही उरला नाही.

आधी कुळांची गोष्ट. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी, १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. हा संप १९३९ पर्यंत चालला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि त्याच्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या ‘कृषिदिनी’ कसणारा मालक मानला गेला. हे मालकीपण उणेपुरे तेरा वर्षे टिकले म्हणायचे! १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या कक्षेत आल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात, जासईच्या परिसरात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला. पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. त्या भूखंडांवर आणि गावठाणांत आज चार-पाच मजली इमारती उभ्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक खोल्या भाड्याच्या आहेत. (सगळेच घरमालक भूमिपुत्र नव्हेत, गुंतवणूक म्हणून सदनिका घेणारे मुंबईकर-पुणेकरही पुष्कळ.) तरीही करारावर ‘मालक’ म्हणून सही करणाऱ्या एखाद्याचे आजोबा कूळ असतील, ही शक्यता इथे काल्पनिक नाही.

आता दुसरी बाजू. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले आणि भाडेकरूला सहजासहजी हलवता येणार नाही असे संरक्षण दिले. त्याची किंमत इमारतींनी मोजली: मालकाने डागडुजी सोडली, पागडीचा काळा व्यवहार वाढला. मालकांनी यातून वाट काढली ती ‘लिव्ह अँड लायसन्स’ची. यात घर भाड्याने दिलेले नसते. ते वापरण्याची केवळ परवानगी असते. १ फेब्रुवारी १९७३ रोजी असा करार चालू असलेल्यांना कायद्याने भाडेकरू ठरवले. त्यानंतर आलेल्यांना ती सवलत नव्हती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून अमलात आला, हा प्रकार पक्का केला. मुदत संपूनही घर न सोडल्यास दुप्पट रक्कम द्यावी लागते. अशा माणसाचे शासकीय मराठीतले नाव ‘अनुज्ञप्तिधारक’. हे नाव धारण करून कोणी शेजाऱ्याकडे विरजण मागायला गेल्याचे ऐकिवात नाही.

अकरा महिन्यांचे गूढ तर याहून मौजेचे आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या कायद्याने सक्तीची, म्हणून अकरा. १९९९ च्या कायद्याने मुदत कितीही असली तरी नोंदणी सक्तीची केली. कारण संपले, आकडा राहिला. रूढी शब्दांप्रमाणेच आकड्यांनाही चिकटतात.

या सगळ्याचा पायी चालण्याशी काय संबंध, असे वाचक विचारतील. जुने पनवेल हे रेल्वेआधीचे, बंदराचे आणि बाजाराचे गाव. मुंबईहून होडीने येऊन बोरघाटाकडे जाणाऱ्यांचा मुक्काम. १८५२ साली इथे नगरपालिका आली. वडाळे तलाव, बेने इस्रायलांचे बेथ एल सिनेगॉग, टपाल नाका, लाइन आळी हे सारे पावलांच्या मापाचे आहे. रुळांच्या पूर्वेचे नवीन पनवेल सिडकोने सेक्टरांत आखले. तिथेही भाडे ठरते ते ‘स्टेशनपासून चालत किती’ यावर. म्हणजे भाडेकरू पैसे मोजतो ते भिंतींइतकेच रस्त्याचे. पण रस्ता ओळखीचा व्हायला वेळ लागतो. दुधवाला, किराणा दुकानाची वही, मुलाची शाळा, रात्री कोणत्या गल्लीत कुत्री भुंकतात ही माहिती, हे सारे पायांनी साठते, आणि ते साठते न साठते तोच अकरावा महिना येतो. कराराचे नूतनीकरण होते, पण बहुधा वाढीव रकमेने. नाही जमले तर बिऱ्हाड दोन-तीन सेक्टर पलीकडे जाते, आणि मुलाची शाळा चालत जाण्याच्या अंतरात राहत नाही.

कुळाने वहिवाट दाखवली आणि कायद्याने ती मानली. इतकी वर्षे जमीन कोण कसत होते, हा प्रश्न सातबाऱ्यावर विचारता येत होता. रस्त्याच्या वहिवाटीची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. नोंदणीकृत करारात अनुज्ञप्तिधारकाचा पत्ता म्हणून बहुधा गावाकडचाच लिहिला जातो.