आणेवारी

नेरळहून कळंबकडे जाताना दुतर्फा भातखाचरं लागतात. पीक हातचं गेलं की इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी येतो तो शब्द ‘आणेवारी’. आण्यात भात मोजायचं? हो. रुपयाचे आणे सोळा, म्हणून भरघोस पीकही सोळा आणे. निम्मं आलं तर आठ. ‘वारी’ इथे पंढरीची नव्हे, टक्केवारी-वर्गवारीतली. म्हणजे त्या-त्या हिशेबाने केलेली वाटणी. सातबाऱ्यावरचा भावाभावांचा हिस्साही याच आणे-पैत लिहीत. एवढंच नाही, मुंबई इलाख्यातली मोजणीची 33 फुटांची साखळीही सोळा आण्यांत विभागलेली असे, आणि अशा साखळीभर लांब-रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. चलन, रान आणि पीक, तिन्हींना एकच माप! अपूर्णांक मांडायची इतकी सुटसुटीत रीत मला दुसरी ठाऊक नाही, कारण सोळाचे निम्मे, पाव, अर्धपाव तोंडी होतात.

1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली. सरकारी कागदांवर मग ‘पैसेवारी’ आली, आणि टंचाईची रेषा 50 पैशांवर आखली गेली, म्हणजे जुने आठ आणेच. ही पैसेवारी ठरवायला आधी नजर अंदाज, मग निवडक तुकड्यांतलं पीक कापून, मळून वजन. बोलण्यात मात्र विचारतात, “यंदा आणेवारी किती लागली?”