व्हिम आधीच निवडलेला असतो

विंडोजवर गिट बसवताना मध्येच एक पान येतं: गिटसाठी कोणता एडिटर वापरायचा? व्हिम आधीच निवडलेला असतो. तो केवळ ऐतिहासिक कारणांमुळे इथे आहे, दुसरा निवडलेला बरा, अशी सूचनाही खाली दिसते. पण ते कारण कोणतं, हे तिथे कळत नाही. मी शिकवते ती मुलं 'नेक्स्ट' दाबत पुढे जातात. मग पहिल्या कमिटला तो अनोळखी पडदा उघडतो. 'इनिशियल' टाइप करावं तर पहिला 'आय' गिळला जातो आणि उरलेला शब्द उमटतो, कारण व्हिममध्ये 'आय' ही लिहायला सुरुवात करण्याची आज्ञा आहे.

त्या आज्ञेचं मूळ 1976 च्या सुमाराच्या बर्कलीत आहे. व्हिमचा पूर्वज असलेला व्हीआय हा एडिटर लिहिणारे बिल जॉय तेव्हा घरून 300 बॉडच्या मोडेमवर काम करत. सेकंदाला जेमतेम 30 अक्षरं. 80 अक्षरांच्या 24 ओळींचा पडदा भरायला मिनिटभराहून जास्त वेळ! अशा वेळी एकेका अक्षराची आज्ञा हीच शहाणपणाची. त्यांच्या एडीएम-3ए टर्मिनलवर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. बाण एच, जे, के, एल या कळांवरच छापलेले होते. एस्केप होती क्यूच्या डाव्या हाताला, आज टॅब असते तिथे. करंगळी सहज पोचायची. व्हीआय घडला तो या कीबोर्डवर, आणि मला ती रचना आजही फार सुंदर वाटते.

पुढे व्हीआय युनिक्सबरोबर सगळीकडे गेला. ब्राम मूलेनार यांनी 1991 मध्ये अमिगा संगणकासाठी व्हिम प्रसिद्ध केला. 2005 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं. एडिटर ठरवलेला नसेल तर गिट व्हीआय उघडतं. युनिक्सवाल्यांना त्यात वावगं काहीच नव्हतं. विंडोजवर व्हीआय नसतोच, म्हणून इन्स्टॉलर व्हिम सोबत घेऊन येतो. व्हिममधून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न 2017 पर्यंत 10 लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता.

मी स्वतः रोज व्हिम वापरते, तरी नवख्याच्या हाती तो न विचारता देऊ नये असं माझं ठाम मत आहे. त्याच इन्स्टॉलरसोबत नॅनोही येतो आणि बाहेर पडायची कळ पडद्याच्या तळाशी लिहून ठेवतो. आपोआप निवड करायचीच असेल, तर ती नॅनोची असावी.