दांडूची वाट आणि चेंडूची भरारी

१९२६ सालच्या डिसेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावर जें घडलें, त्याची आठवण क्रिकेटच्या रसिकांत अद्याप पुसलेली नाहीं. आर्थर गिलिगन यांच्या नायकत्वाखालीं विलायतेहून आलेल्या मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या संघाविरुद्ध हिंदु संघ खेळत होता. पाहुण्यांपैकीं गाय अर्ल यांनीं १३० धावा झोडपून प्रेक्षकांना आधींच थक्क करून सोडलें होतें. त्यावर सी. के. नायडू मैदानांत उतरले आणि दोन तासांच्या आंत त्यांनीं १५३ धावा केल्या. त्यांत षटकार होते ११! एक टोला तर जिमखान्याच्या इमारतीच्या छपरावर जाऊन पडला. पाहुण्यांनीं या खेळीबद्दल नायडूंना रुप्याची बॅट नजर केली. पुढें १९२८ सालीं हिंदुस्थानचें क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालें, आणि १९३२ सालीं लॉर्ड्सच्या मैदानावर पहिला कसोटी सामना खेळलेल्या आपल्या संघाचे नायक नायडूच होते.

चेंडू हवेंत उडविणें हा अविचार आणि तो जमिनीसरसा ठेवणें हें शहाणपण, ही शिकवण त्या काळच्या मैदानांवर सर्वमान्य होती, आणि मुंबईच्या पुढील कित्येक पिढ्यांनीं ती मंत्रासारखी जपली. मग तोच अविचार एका खेळींत अकरा वेळां सफळ कसा झाला? नशिबाच्या जोरावर एक-दोन टोले साधतात, अकरा साधत नाहींत. मनगटाचें बळ हें उत्तरहि अपुरें आहे. बळकट माणसें पुष्कळ असतात. खरें उत्तर शोधावयाचें तर बॅट हवेंतून ज्या वाटेनें फिरते त्या वाटेचा इतिहास पाहावा लागतो.

ही वाट प्रथम चेंडूनेंच ठरविली. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांत गोलंदाज चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकीत. त्याला गांठावयाचें म्हणून बॅटहि हॉकीच्या काठीप्रमाणें टोकाशीं वाकडी असे आणि केर काढावा तशी जमिनीसरशी आडवी फिरे. १७६० च्या पुढें गोलंदाज टप्पा देऊन चेंडू टाकूं लागले. चेंडू उसळूं लागला आणि वाकडी बॅट निरुपयोगी झाली. ती सरळ झाली आणि तिचा झोका उभा झाला. ‘सरळ बॅट’ हा शब्द पुढें इंग्रजी शाळांतून सचोटीचें दुसरें नांवच होऊन बसला. मुळांत मात्र तो साधा भूमितीचा प्रश्न होता. चेंडू ज्या रेषेंत येतो त्याच रेषेंत बॅट गेली, तर क्षणभर अलीकडे-पलीकडे झालें तरी दोघांची गांठ पडते. ती रेषा छेदून बॅट आडवी गेली, तर गांठ पडण्याचा क्षण एकच, आणि तो चुकला कीं सर्वच चुकलें.

आतां उभ्या झोक्यानें चेंडू वर कसा जातो तें पाहूं. घड्याळाचा लंबक डोळ्यांपुढें आणावा. तो एका बाजूनें खालीं येतो, तळाच्या बिंदूशीं क्षणभर आडवा चालतो आणि पुढें वर चढूं लागतो. बॅटचेंहि तसेंच आहे. तळ येण्यापूर्वीं चेंडू भेटला तर तो दाबला जाऊन जमिनीसरसा धांवतो. तळाच्या पुढें, बॅट चढत असतां भेटला तर आकाशाची वाट धरतो. झोका तोच, बदलतें तें भेटीचें ठिकाण. पुढें सरसावून चेंडू शरीराच्या पुढें गांठणारा फलंदाज उंच टोला मारतो, त्यांत बेफिकिरीपेक्षां नेमकेपणाच अधिक असतो. टीकाकारांस बहुधा टोल्याची उंचीच दिसते, पावलांची चाल दिसत नाहीं.

हें ज्ञान आपल्याकडे केवळ साहेबांबरोबर आलें असेंहि नाहीं. रायगड जिल्ह्यांत कुंडलिकेच्या परिसरांतील रोहें, त्याला लागून असलेलें वरसे, किंवा कोंकणांतील दुसरें कोणतेंहि गांव घ्या. भात कापून झालें कीं मोकळ्या खाचरांत मुलें विटीदांडू मांडीत आलीं आहेत. विटी दोन्ही टोकांना निमुळती. टोकावर दांडूचा हलका ठोका पडतांच ती गिरक्या घेत उठते. ती वर झेपावत असतां घाईनें दांडू फिरवितो तो नवशिका. उंची संपून ती क्षणभर रेंगाळते तेव्हां टोला देतो तो कसलेला. शिवाय विटी कोणीं हवेंत झेलली कीं डाव गेला. म्हणून दांडू किती चढता फिरवावा याचा हिशेब खेळणाऱ्यास दर टोल्याला करावा लागतो. अंतर हवें तर उंची हवी, आणि उंची घेतली तर झेल जाण्याचें भय! नायडूंपुढें जो प्रश्न होता तोच हा. या खेळांतील ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ हे मोजणीचे शब्द दाक्षिणात्य भाषांतील एक, दोन, तीन, चार यांचेच अवशेष होत. आणि नागपुरांत जन्मलेल्या नायडूंची मातृभाषा तेलुगू होती, हा गमतीचा योगायोग येथें सांगण्यासारखा आहे.

चेंडू बॅटवरून सुटला म्हणजे सर्व संपलें असेंहि नव्हे. तिरप्या रॅकेटनें मारलेला टेनिसचा चेंडू वाटेंत वळतो हें न्यूटननें १६७२ सालींच नमूद केलें होतें. पुढें १७४० च्या दशकांत बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें बंदुकीच्या नळीचें टोक मुद्दाम डावीकडे वाकवून गोळी झाडली. गोळी प्रथम डावीकडे गेली आणि पुढें उजवीकडे वळली. नळीच्या कडेशीं घासून तिला गिरकी मिळाली होती. हा रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा इंजिनीयर होऊन आपल्या देशांत आला आणि १७५१ सालीं कडलूरजवळील सेंट डेव्हिडच्या किल्ल्यांत तापानें वारला. शोधाला नांव मात्र मिळालें तें १८५२ सालीं प्रयोग करणाऱ्या माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाचें! चेंडूच्या मध्याच्या किंचित् खालीं बॅट बसली तर त्याला उलटी गिरकी मिळते आणि तो हवेंत अधिक वेळ तरंगतो. वर बसली तर सुलटी गिरकी मिळून लवकर कोसळतो. बॅट बाहेरून आंत ओढली गेली तर चेंडू बाजूला वळत जातो.

या सर्व गोष्टी एकत्र पाहावयाच्या तर सॉफ्टबॉलसारखा खेळ नाहीं. १८८७ सालीं शिकागो शहरांत जॉर्ज हॅन्कॉक व त्याचे मित्र यांनीं मुष्टियुद्धाचा हातमोजा बांधून चेंडू केला आणि झाडूचा दांडा बॅट म्हणून घेतला. त्यांतून हा खेळ निघाला. आज त्याचा चेंडू सुमारें १२ इंच घेराचा असतो. तो हात खालून फिरवून टाकतात, टप्पा पडत नाहीं, आणि बॅटपाशीं येतां येतां तो बहुधा किंचित् उतरत असतो. कित्येक वर्षें शिक्षक सांगत, बॅट आडवी किंवा खालींच मारा. बेसबॉलचा विख्यात फलंदाज टेड विल्यम्स यानें १९७० च्या सुमारास उलट प्रतिपादन केलें : चेंडू उतरत येतो, तर बॅट त्याच उताराला समांतर, म्हणजे किंचित् चढती असावी, म्हणजे दोघांची वाट अधिक काळ एक राहते. २०१५ पासून अमेरिकेंतील मैदानांवर यंत्रांनीं प्रत्येक टोला मोजला जाऊं लागला, तेव्हां जोरानें मारलेला चेंडू २५ ते ३० अंशांच्या चढानें सुटला तर सर्वांत फलदायी ठरतो असें दिसून आलें. निर्वात प्रदेशाचें ४५ अंशांचें पाठ्यपुस्तकी गणित हवेच्या विरोधापुढें टिकत नाहीं.

क्रिकेटवर वाढलेला आपल्याकडील मुलगा सॉफ्टबॉलच्या मैदानावर प्रथम येतो तेव्हां तो हटकून उभा झोका घेतो. जमिनीवरून उसळणाऱ्या चेंडूसाठीं हाडांत मुरलेली ती वाट येथें अपुरी पडते. कमरेच्या उंचीवरून येणारा चेंडू बॅटखालून निसटतो किंवा पायांपाशीं आपटतो. त्याला खांदे आडवे वळवावयास आणि बॅट शेवटीं किंचित् चढवावयास शिकविलें, कीं थोड्याच दिवसांत चेंडू क्षेत्ररक्षकांच्या डोक्यांवरून जाऊं लागतो.