पटकी

पटकी : ‘व्हिब्रिओ कॉलरी’ या जंतूमुळे लहान आतड्याला होणारा साथीचा रोग. अचानक सुरू होणारे पाण्यासारखे जुलाब आणि उलट्या ही त्याची खूण. कॉलरा, महामारी, जरीमरी, वाखा, ढाळवांती ही त्याचीच वेगवेगळ्या काळातली नावे. हा जंतू सहसा रक्तात शिरत नाही, आतड्याला जखमा करत नाही, बहुधा तापही आणत नाही. माणूस दगावतो तो अंगातले पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे, आणि जोराच्या पटकीत काही तासांत दगावतो. रोगाचे नेमके कारण कळण्याआधीच त्याची वाट शोधून ती अडवता येते, हे वैद्यकाला या रोगाने शिकवले.

नावाविषयी थोडे : मोडशी हा शब्द आज अजीर्णापुरता उरला आहे, आणि ‘मोडशी जिरवणे’ या वाक्प्रचारात कुणाची मस्ती उतरवण्यापुरता. गोव्यात सोळाव्या शतकात मात्र तो जीवघेण्या जुलाब-उलट्यांचे नाव होता. १५४३ साली तिथे आलेल्या साथीविषयी गास्पार कोरेया या पोर्तुगीज इतिहासकाराने लिहिले आहे, आणि गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या १५६३ साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथातही हा रोग येतो. त्यांची वर्णने पटकीशी जुळतात. पोर्तुगिजांच्या तोंडी मोडशीचे ‘मोर्देशीं’ झाले आणि फ्रेंचांच्या कानी ते ‘मॉर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे पडले. एका मराठी शब्दाची इतकी वाईट आणि इतकी चपखल मोडतोड क्वचितच झाली असेल.

जंतू आणि विष : सूक्ष्मदर्शकाखाली हा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा दिसतो. त्याला एकच शेपटी असते आणि तिच्या जोरावर तो भराभर पोहतो. आम्ल त्याला सोसत नाही. निरोगी माणसाच्या जठरातले आम्ल बहुतेक जंतू मारून टाकते, म्हणून रोग व्हायला जंतू फार मोठ्या संख्येने पोटात जावे लागतात. अन्नाबरोबर गेले किंवा जठरातले आम्ल कमी असले, तर त्याहून पुष्कळ कमी पुरतात. आतड्यात पोचल्यावर तो अस्तराला चिकटून एक विष सोडतो. या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार बाहेर टाकू लागतात आणि क्षारांमागून पाणी ओढले जाते. सारा उत्पात हे विष करते, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले. जंतू गाळून काढलेल्या द्रावानेही सशाच्या आतड्यात पाणी साठते, असा त्यांचा साधा आणि बिनतोड प्रयोग होता.

लक्षणे : जंतू पोटात गेल्यापासून काही तास ते पाच दिवसांत जुलाब सुरू होतात. पहिल्या एक-दोन जुलाबांनंतर त्यात मळ उरत नाही, तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके पाणी पडते. त्याला घाण वास नसतो, किंचित माशासारखा असतो. जोराच्या पटकीत तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. मग डोळे खोल जातात, आवाज बसतो, पोटऱ्यांत गोळे येतात, लघवी बंद होते. दिवसभर धुणे धुतल्यावर बोटे होतात तशी ती सुरकुततात. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तिची घडी तशीच उभी राहते. रोगी पुष्कळदा शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. उपचार न झाल्यास अशा रोग्यांपैकी निम्मे मरू शकतात, वेळेवर झाल्यास शंभरात एकही नाही. एकाच रोगाच्या दोन आकड्यांत इतकी तफावत क्वचितच दिसते.

प्रसार : रोग्याच्या मळातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात, एवढीच ही वाट आहे. रोग्याजवळ बसल्याने किंवा त्याच्या श्वासाने पटकी होत नाही. जंतू पोटात गेलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही, नाही तर एखाददुसरा जुलाब होऊन थांबतो. पण तेही काही दिवस मळातून जंतू सोडत राहतात. साथ गावोगाव नेणारे बहुधा हेच, धडधाकट दिसणारे आणि प्रवास करू शकणारे.

दूषित हवेने रोग होतो असे सगळे मानत होते, तेव्हा लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरने १८४९ साली पाण्याकडे बोट दाखवले. १८५४च्या ऑगस्टअखेर सोहो भागात साथ उसळली आणि थोड्याच दिवसांत सुमारे सहाशे माणसे गेली. स्नोने मृतांची घरे हिंडून ती नकाशावर मांडली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाभोवती त्यांची दाटी झाली. पण त्याला पटवून गेले ते अपवाद. त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले होते. ते बिअर पीत आणि कारखान्याला वेगळी विहीर होती. उलट, दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मेली. तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडत असे आणि तिच्यासाठी तिथून बाटली भरून जात असे. ८ सप्टेंबरला पंपाची दांडी काढली गेली. खरे तर तोवर साथ उतरणीला लागली होती, दांडी काढताच ती थांबली ही पुढे रंगवलेली गोष्ट. नंतरच्या तपासात निघाले की पंपाला लागून असलेल्या घरातल्या आजारी तान्ह्या मुलाची दुपटी धुतलेले पाणी ज्या खड्ड्यात टाकले जाई, तो विहिरीपासून हातभरच अंतरावर होता आणि झिरपत होता. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिपो पाचिनीने हा जंतू पाहिला होता, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. रॉबर्ट कोखने १८८४ साली कोलकात्यात तो वेगळा काढून दाखवला. तिथल्या एका तळ्यात लोक अंघोळ करत, रोग्याचे कपडे धूत आणि तेच पाणी पीत. कोखला त्या तळ्याच्या पाण्यातही जंतू सापडले.

माणूस नसला तरी जंतू तग धरतो. खाडीच्या मचूळ पाण्यात तो डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी प्लवकांना चिकटून राहतो. अमेरिकी संशोधक रिटा कॉलवेल यांनी यावरून एक उपाय सुचवला : जुनी सुती साडी चार पदरी करून पाणी गाळा. एकटा जंतू त्यातून सहज पार होतो, पण प्लवक अडकतात आणि त्यांच्याबरोबर त्यांना चिकटलेले जंतूही. बांगलादेशातल्या खेड्यांत यामुळे पटकी जवळपास निम्म्यावर आली. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुगलेले असतात आणि वीण दाट होते. वस्त्रगाळ पाणी पिणाऱ्या आपल्या आज्यांना प्लवक ठाऊक नव्हते. घागरीच्या तोंडाला त्या जुनेरच बांधत, ही गोष्ट वेगळी.

शहरात वाट थोडी वेगळी. नळाला दोन तास पाणी येते आणि जाते. पाणी गेल्यावर तोटी उघडी असेल, तर ती सुस्कारा टाकल्यासारखी हवा आत ओढताना ऐकू येते. तीच ओढ जमिनीखाली, जोडावरच्या फटीपाशीही लागते. नळ गटारातून गेलेला असेल, तर तिथे आत येते ते गटाराचे पाणी. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेला येणारे गढूळ पाणी ते हेच. चोवीस तास दाब असलेल्या नळाला फट असली, तर पाणी बाहेर गळते. नुकसान होते, पण साथ येत नाही. अन्नातूनही पटकी होते. शिजवून तसाच ठेवलेला भात जंतूला मानवतो, ताक किंवा आंबील मानवत नाही. बर्फात जंतू मरतोच असे नाही, म्हणून गोळ्याचा बर्फ कोणत्या पाण्याचा, हा प्रश्न योग्यच असतो.

साथ दूरवर कशी जाते, याचे अलीकडचे उदाहरण हैतीचे. त्या देशात शतकभर पटकीची नोंद नव्हती. २०१० साली भूकंपानंतर नऊ महिन्यांनी ती आली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची नेपाळी तुकडी जिथे उतरली होती, त्या छावणीचा मैला आर्तिबोनीत नदीला मिळणाऱ्या ओढ्यात जात होता. आठ लाखांवर लोकांना लागण झाली आणि दहा हजारांच्या आसपास मेले.

महाराष्ट्रात : पहिली जागतिक साथ १८१७ साली बंगालात जेसोरकडे सुरू झाली. पेंढाऱ्यांवर निघालेल्या इंग्रज फौजेला तिने बुंदेलखंडात गाठले आणि १८१८ साली ती दख्खन ओलांडून मुंबईत उतरली. पेशवाई बुडाल्याचे आणि ‘वाखा’ आल्याचे साल एकच. गावोगाव मरीआईची ठाणी होती, तिचा कोप म्हणून साथीकडे पाहिले जाई. साथ आली की मरीआईचा गाडा सजवून वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. पुढच्या गावाने तो आणखी पुढे न्यायचा. रोग एका गावाकडून दुसऱ्याकडे जातो, एवढे निरीक्षण त्यात अचूक होते. वाहन मात्र चुकले होते. पंढरीची वारी ही सरकारी आरोग्यखात्याची शंभर वर्षांहून जुनी काळजी. चंद्रभागेचे वाळवंट, लाखोंची शौचे, त्याच पात्रात स्नान आणि चार दिवसांनी प्रत्येकाचे आपापल्या गावी परतणे, असा तो योग. विसाव्या शतकात वारकऱ्यांना पटकीची सुई टोचत. आता भर वाटेवरच्या विहिरी, टँकर आणि फिरती शौचालये यांवर असतो, आणि तो योग्य जागी आहे. त्या जुन्या सुईचा असर थोडाच आणि थोडेच महिने टिके. आजच्या तोंडावाटे द्यायच्या लसी तिच्यापेक्षा बऱ्या आहेत, पण स्वच्छ पाण्याची जागा त्याही घेत नाहीत.

विहिरीचे निर्जंतुकीकरण : खेड्यात हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे. गोल विहिरीच्या व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४ : मीटरमध्ये मोजले की घनमीटर येतात. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल, तर सुमारे ३७,७०० लिटर. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर धरली, तर १९० ग्रॅमच्या आसपास लागते. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून मग पाणी घालायचे, ढवळायचे, चुना खाली बसू द्यायचा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडायची आणि खालीवर हलवायची. तासभर पाणी कोणी भरायचे नाही. नंतर ओटी चाचणी : परीक्षानळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की पिवळा रंग यायला हवा. रंग आला नाही, तर पावडर जुनी तरी आहे किंवा पाण्यात घाण जास्त आहे. उघड्या पोत्यात ठेवलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि चुना तेवढा उरतो, पण वजनकाट्याला फरक कळत नाही. पावडर टाकल्याची नोंदवही नीट भरलेली असूनही गावात जुलाब सुरू होतात, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

उपचार : गेलेले पाणी आणि क्षार परत देणे हाच उपचार. प्रतिजैविकांनी जुलाबांचे दिवस कमी होतात, पण जीव वाचतो तो पाण्याने. नुसते पाणी मात्र आतड्यात शोषले जात नाही. आतड्यातला मिठाचा एक दरवाजा विषाने बंद होतो, पण साखरेबरोबर मीठ आत घेणारा दुसरा दरवाजा उघडाच राहतो. म्हणून मिठाबरोबर साखर. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात, १९७१ साली, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून घेतल्या. पाण्यात विरघळवून ते पिंपांत भरले आणि पाजायला नातेवाइकांनाच बसवले. तिथले मृत्यूचे प्रमाण शेकडा ३०च्या आसपासहून ४च्या खाली आले. महालनबीस २०२२ साली वारले, त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०२३ साली. आजच्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. पुडी नसेल, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे चहाचे, आणि सपाट म्हणजे सपाटच. मीठ जास्त पडले तर लहान मुलाला अपाय होतो. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून घोट घोट पुन्हा सुरू करतात. अंगावरचे दूध बंद करत नाहीत. शुद्ध हरपलेल्या किंवा पिऊ न शकणाऱ्या रोग्याला मात्र तोंडाने काही न देता तातडीने शिरेतून सलाइन लागते.

त्याच वाटेचे इतर रोग : विषमज्वर आणि ‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ याच वाटेने येतात. त्यांचे पोटात मुरण्याचे दिवस वेगवेगळे असल्याने एकाच फुटक्या नळाचे रोगी हप्त्याहप्त्याने येतात. पटकीचे दोन-तीन दिवसांत, विषमज्वराचे एक ते तीन आठवड्यांत, ‘ई’ कावीळीचे पाच-सहा आठवड्यांनी. तोवर नळ दुरुस्त झालेला असतो, पाण्याचा नमुना शुद्ध निघतो आणि कावीळ कुठून आली असा प्रश्न पडतो. शिवाय क्लोरीन सगळ्यांना सारखा मारत नाही. १९५५ साली दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर नाल्याचे पाणी शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरले. ते लक्षात येताच क्लोरीन वाढवला गेला. विषमज्वर आणि हगवणीचे रोगी वाढले नाहीत, पण त्या हिवाळ्यात कावीळ झालेल्यांची संख्या २९,०००च्या पुढे गेली. तो विषाणू ‘ई’ प्रकारचा होता, हे साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुढे काही दशकांनी उमगले.