हुकूम कोणाचा, हात कोणाचा : पेशवाईतील हत्या आणि मराठी रंगभूमी

सत्तेसाठी झालेल्या हत्यांची मराठी इतिहासात वाण नाही. परंतु रंगभूमीने त्यांतील मोजक्याच पुन्हा पुन्हा हाताळल्या, आणि त्या हाताळताना वार कसा झाला यापेक्षा तो कोणाच्या शब्दावरून झाला याचा शोध अधिक घेतला. मारणारा हात समोर दिसतो आणि हुकूम देणारा मात्र पडद्याआड राहतो, हे राजकीय हिंसेचे लक्षण या नाटकांनी नेमके हेरले, आणि म्हणूनच त्यांचा इतिहास हा काही अंशी राजकीय जबाबदारीच्या कल्पनेचाही इतिहास ठरतो.

प्रारंभी हा प्रश्न रंगभूमीपुढे नव्हता. वध, युद्ध यांसारखे प्रसंग प्रेक्षकांसमोर न घडवता ते विष्कंभक किंवा प्रवेशक यांतून, म्हणजे झालेल्या घटनांची माहिती देणाऱ्या छोट्या जोडप्रवेशांतून सुचवावेत, असा संस्कृत नाट्यशास्त्राचा संकेत होता. भासाच्या ‘ऊरुभंगा’त दुर्योधन रंगमंचावरच प्राण सोडतो, हा त्यातील प्रसिद्ध अपवाद होय. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवल्यानंतर जी पौराणिक नाटके रूढ झाली, त्यांत आरडाओरड करीत येणाऱ्या राक्षसपात्रांमुळे युद्ध आणि वध यांचा गाजावाजा वाढला खरा. पण तेथे देव मारतो आणि राक्षस मरतो हे आधीच ठरलेले असल्याने अपराध कोणाचा, अशी शंका कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. ती शंका ऐतिहासिक विषयांबरोबर आली. पौराणिक खेळाला जोडून होणाऱ्या गद्य प्रवेशांना त्या काळी ‘फार्स’ म्हणत, मग त्यांचा विषय गंभीर का असेना; अफझलखानाचा वध आणि नारायणराव पेशव्यांचा खून हे अशा फार्सांचे विषय झाले.

माधवराव पेशव्यांचा नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे मृत्यू झाल्यावर त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव गादीवर आला, तेव्हा त्याचे वय जेमतेम सतरा होते आणि पेशवेपदाची आकांक्षा बाळगणारा चुलता रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी सुमेरसिंग आदींच्या नेतृत्वाखालील गारदी, म्हणजे कवायती पद्धतीने लढणारे पगारी शिपाई, थकलेल्या पगाराचे निमित्त करून वाड्यात शिरले आणि चुलत्याच्या आश्रयास धावलेल्या नारायणरावाला त्यांनी त्याच्यासमोरच कापून काढले. रघुनाथरावाने ‘धरावे’ असा हुकूम दिला होता आणि त्याच्या पत्नीने, आनंदीबाईने, ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले, ही कथा पुराव्यापेक्षा आख्यायिका म्हणूनच टिकली आहे. तरीही तिची रचना अर्थपूर्ण आहे, कारण ती गारद्यांच्या तलवारीकडून दोष उचलून लेखणीवर ठेवते आणि त्याच वेळी खुनाचा लाभ ज्याला व्हायचा त्या पुरुषाला अर्धे निर्दोष ठरवून उरलेला भार एका स्त्रीच्या माथी मारते.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी ही वाटणी मान्य केली नाही. रघुनाथरावाला दोषी धरून त्याच्या पातकाला देहान्त प्रायश्चित्तच आहे, म्हणजे ते प्राण देऊनच फिटेल, असा निर्णय त्यांनी दिला आणि ते पुणे सोडून गेले. पुढे नाना फडणीस, सखारामबापू बोकील आदी कारभाऱ्यांनी एकत्र येऊन केलेल्या बारभाई कारस्थानामुळे रघुनाथराव पदच्युत झाला, १७७५ मध्ये त्याने सुरतेस इंग्रजांशी तह केला, आणि त्यातून पेटलेले पहिले इंग्रज-मराठा युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले.

नारायणरावाच्या खुनाकडे नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर वळले, तोवर चुलत्याने केलेल्या राजहत्येचे कथानक मराठी वाचकाला शेक्सपिअरच्या वाटेनेही परिचित झाले होते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर १८८३ मध्ये केले होते. खाडिलकरांनी १९०९ च्या आपल्या नाटकाला ‘भाऊबंदकी’ हे नाव दिले. एरवी बांधाच्या, विहिरीच्या आणि वाटणीच्या तंट्यासाठी वापरला जाणारा हा शब्द राज्याच्या उलथापालथीला लावल्यामुळे सत्तेची लालसा ही घराघरांतल्या हक्काच्या हव्यासाचेच वाढलेले रूप आहे, हे शीर्षकातच सूचित झाले, आणि नाटकातील खरा संघर्ष खंजिराकडून रामशास्त्र्यांच्या निःस्पृह वाणीकडे सरकला.

मात्र याच नाटककाराच्या १९०७ मधील ‘कीचकवधा’त हिंसेची बाजू नेमकी उलटली होती. विराटाच्या दरबारात सैरंध्री बनून राहिलेल्या द्रौपदीची विटंबना करू पाहणाऱ्या कीचकात प्रेक्षकांनी व्हाइसरॉय कर्झनला पाहिले, द्रौपदीत पराधीन देशाला, सबुरीचा सल्ला देणाऱ्या युधिष्ठिरात मवाळांना आणि कीचकाला मारणाऱ्या भीमात जहालांना. येथे हुकूम देणारा आणि मार खाणारा एकच होता, आणि हात पीडितांच्या बाजूचा होता. राजद्रोही किंवा बदनामीकारक प्रयोग रोखण्याचा अधिकार देणारा कायदा सरकारने १८७६ मध्येच केलेला होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात, बदली होऊन निघालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या सन्मानार्थ देवलांच्या ‘संगीत शारदे’चा प्रयोग योजला असता अनंत कान्हेरे या क्रांतिकारकाने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. जरठ-बाला विवाहावरील त्या नाटकाचा या हत्येशी काही संबंध नव्हता. परंतु राजकीय हत्या आता प्रत्यक्ष प्रेक्षागृहात घडली होती, आणि अशा वातावरणात १९१० मध्ये ‘कीचकवधा’वर बंदी आली.

स्वातंत्र्यानंतर हुकूम आणि हात यांतील अंतर पुन्हा रंगमंचावर आले, ते विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधून. औरंगाबादकडून आलेला घाशीराम नाना फडणिसांच्या कारभारात पुण्याचा कोतवाल, म्हणजे शहराच्या पोलीस व्यवस्थेचा प्रमुख झाला; १७९१ मध्ये त्याच्या कैदेत अरुंद जागी कोंडलेले अनेक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळले, आणि घाशीरामाला जमावाच्या हवाली करण्यात येऊन त्याचा दगडांनी ठेचून अंत झाला. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यात दशावतार, खेळे, कीर्तन आणि तमाशा यांच्या रीती एकत्र आल्या, आणि रांगेत उभ्या असलेल्या ब्राह्मणांची मानवी भिंत कधी पडदा झाली, कधी जमाव. नानांचे आणि ब्राह्मणांचे चित्रण बदनामीकारक असल्याच्या आरोपावरून मोठा वाद उसळला. नाटककाराने मात्र हे ऐतिहासिक नाटक नव्हे अशी भूमिका घेतली होती.

ही भूमिका केवळ बचावाची नव्हती. तेंडुलकरांनी घाशीरामाला कल्पित मुलगी दिली, आणि तिच्या बदल्यात त्याला कोतवाली मिळते असे दाखवून सत्तेचा व्यवहार उघडा केला : जो हात आज मारतो तो आधी स्वतःच विकत घेतला गेलेला असतो, आणि त्याची उपयुक्तता संपली की हुकूम देणारा त्यालाच बळी देतो. १७७३ च्या आख्यायिकेला कागदावर खाडाखोड करावी लागली, कारण पेशव्याचा खून उघड हुकमाने होऊ शकेल हे लोकमनाला सहन होणारे नव्हते. ‘घाशीरामा’त अशा खाडाखोडीची गरजच उरत नाही, कोतवालाला जमावाच्या स्वाधीन करण्याचा निर्णय उजळ माथ्याने दिला जातो, तो मेल्यावर पुण्यावरील अरिष्ट टळल्याचे जाहीर होते, आणि हुकूम देणारे नाना उत्सवाची आज्ञा करून लोकांच्या आनंदात सामील होतात.