रेघा नसलेली कोष्टके

पंचांगाच्या पानावरील एखादा सुटा आकडा स्वतःहून काहीच सांगत नाही. तो कोणत्या वाराच्या ओळीत आणि तिथी, नक्षत्र, योग, करण यांपैकी कोणाच्या रकान्यात आहे, हे पाहिल्यावरच त्याला अर्थ प्राप्त होतो. कोष्टकात जागा हीच भाषा असते. आंतरजालाच्या इतिहासात मात्र असा एक कालखंड येऊन गेला, की ज्यात जवळजवळ प्रत्येक पान कोष्टकात बसवलेले होते आणि त्या कोष्टकांना असा काहीही अर्थ नव्हता. साहित्याच्या अभ्यासकांनी या तांत्रिक वाटणाऱ्या प्रकरणाकडे पाहावे असे आम्हांस वाटते, कारण मुळात तो संहिता आणि तिचे दृश्यरूप यांच्या ताटातुटीचा इतिहास आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत एचटीएमएलची रचना केली, तेव्हा तिचा हेतू मजकुराचे स्वरूप सांगणे हा होता. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, एवढेच खुणांनी सांगायचे. ते कसे दिसावे हे वाचकाच्या संगणकावर सोपवायचे. कोष्टकाची कल्पना डेव्ह रॅगेट यांच्या १९९३ च्या ‘एचटीएमएल प्लस’ या मसुद्यात आढळते. १९९५ मध्ये नेटस्केप ब्राउझरच्या १.१ या आवृत्तीत कोष्टके प्रत्यक्ष दिसू लागली आणि जानेवारी १९९७ च्या एचटीएमएल ३.२ मध्ये त्यांना अधिकृत स्थान मिळाले. अपेक्षा अशी, की त्यांत आकडेवारी भरली जाईल.

घडले ते निराळेच. छापील मासिकांच्या मांडणीत मुरलेल्या मंडळींना या नव्या माध्यमात दोन स्तंभ शेजारीशेजारी उभे करण्याची सोय हवी होती, आणि ती कोष्टकाखेरीज कोठेही नव्हती. कोष्टकाच्या कडेची जाडी शून्य केली की रेघा नाहीशा होतात आणि घरे तेवढी उरतात. डाव्या घरात दुव्यांची यादी, मधल्या रुंद घरात लेख, उजवीकडे जाहिरात. घरात पुन्हा कोष्टक, त्याच्या घरात आणखी एक कोष्टक. डेव्हिड सीगल यांच्या ‘क्रिएटिंग किलर वेब साइट्स’ (१९९६) या पुस्तकाने ही कला घरोघरी पोचवली. एका पिक्सेलचे पारदर्शक चित्र हवे तेवढे ताणून मजकुरात मोकळी जागा निर्माण करण्याची युक्तीही त्याच पुस्तकात होती. खिळे जुळवणारा जुळारी दोन शब्दांमध्ये, दोन ओळींमध्ये न उमटणारे धातूचे तुकडे घालत असे. त्याचाच हा विद्युत अवतार म्हणावा लागेल. मोठे चित्र कापून त्याचे तुकडे शेजारच्या घरांत बसवणे, एक घर तीन रकान्यांवर पसरवणे, हे सारे कसब होते, आणि त्याची टवाळी करण्याचे आम्हांला काही कारण दिसत नाही. पुढे १९९७ मध्ये सीगल यांनीच ‘द वेब इज रुइन्ड अँड आय रुइन्ड इट’ अशा मथळ्याचा लेख लिहून आपल्या वाट्याची कबुली दिली.

बिघडले काय होते? पान डोळ्यांना नीट दिसे, पण डोळ्यांनी न वाचणाऱ्यांसाठी ते कोसळत असे. अंध वाचकांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या त्या काळच्या काही आज्ञावली सरळ डावीकडून उजवीकडे ओळ वाचत जात. वृत्तपत्राचे पान कोणी रकाने न जुमानता या कडेपासून त्या कडेपर्यंत वाचू लागला तर अग्रलेखाचे अर्धे वाक्य शेजारच्या निधनवार्तेत जाऊन मिसळेल, तसा हा प्रकार. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४.० ने केवळ मांडणीसाठी कोष्टके वापरू नयेत असे बजावले, त्यामागे हेच कारण होते.

मराठी पानांना याच जातीचा दुसरा विकार जडलेला होता. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती. तरीही पुढची कित्येक वर्षे बहुतेक मराठी संकेतस्थळे ठरावीक फॉन्टवर विसंबून राहिली. त्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर काना, वेलांटी, अर्धा स असे देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. पडद्यावर मराठी दिसे, आत मराठी नसे. तो फॉन्ट हरवला की कविता आणि जाहिरात दोहोंचीही सारखीच निरर्थक रोमन माळ होते, आणि शोधयंत्राला त्यात एकही मराठी शब्द सापडत नाही. त्या वर्षांत आंतरजालावर आलेले किती मराठी लेखन असे मुके होऊन पडले असेल, याचा विचार आमच्या विद्यापीठीय चर्चांत अभावानेच झाला आहे. अशी जुनी पाने आम्ही विद्यार्थ्यांपुढे ठेवतो, तेव्हा ती मराठी आहेत यावर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही.

कोष्टकांना पर्याय नव्हता असे नाही. होकून व्हियुम ली यांनी सीएसएसची कल्पना १९९४ मध्येच मांडली होती आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती मान्यही झाली. पण नेटस्केप ४ सारखे ब्राउझर ती इतकी अर्धवट समजत, की व्यवहारी माणसाने कोष्टकालाच चिकटून राहावे. २००२ मध्ये ‘वायर्ड न्यूज’ने कोष्टके सोडली. २००३ मध्ये डेव्ह शी यांच्या ‘सीएसएस झेन गार्डन’ने एकच संहिता, तिच्यातील एक अक्षरही न बदलता, अनेक वेषांत दाखवली. पाठचिकित्सेच्या वर्गात हे उदाहरण आम्हांला फार उपयोगी पडते. त्यानंतर जो शुद्धतावाद माजला तो मात्र आपल्या व्याकरणाच्या वादांची आठवण करून देणारा होता. कित्येकांनी खरीखुरी आकडेवारीसुद्धा कोष्टकात मांडायचे टाळले.

गंमत अशी, की मांडणीसाठी ओळी आणि रकान्यांची खरी जाळी सीएसएसमध्ये प्रमुख ब्राउझरांना कळू लागली ती थेट २०१७ मध्ये. आणि ई-पत्रांत कोष्टके आजही टिकून आहेत: २००७ च्या आउटलुकने पत्रे दाखवण्याचे काम ‘वर्ड’च्या यंत्रणेकडे दिले, तिला नवी मांडणी धड समजत नसे, आणि म्हणून प्रकाशकांकडून आपल्याला येणाऱ्या सुबक वार्तापत्रांच्या आत अजूनही बहुधा कोष्टकात कोष्टक, त्याच्या घरात आणखी एक कोष्टक असते.