ब्रेस्ट इम्प्लांटनंतर दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत? पुन्हा सर्जरी कधी करावी आणि कधी थांबावं?

सर्जरी होऊन तीन आठवडे झालेत. आरशात बघितलं तर डावी बाजू उजवीपेक्षा वर दिसतेय. रील्समधल्या 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंमध्ये तर सगळं एकसारखं होतं. मग माझ्याच बाबतीत असं का झालं? आणि हे विचारायचं तरी कुणाला? घरी निम्म्या लोकांना सर्जरीबद्दल सांगितलेलंच नाही.

ब्रेस्ट ऑगमेंटेशन, म्हणजे इम्प्लांट बसवून स्तनांचा आकार वाढवण्याची सर्जरी, केलेल्या अनेक जणींना हा प्रश्न पडतो. काही वेळा उत्तर 'थोडं थांबा' असं असतं, काही वेळा 'आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठा' असं. हा फरक माहीत असणं महत्त्वाचं आहे.

मुळात दोन्ही स्तन सारखे असतात का?

नाही. बहुतेक स्त्रियांच्या दोन स्तनांमध्ये आकार, उंची किंवा निपलची जागा यात थोडा फरक असतोच. छातीच्या बरगड्यांची ठेवण, खांद्यांची उंची, पाठीच्या कण्याचा बाक यामुळेही तो वाढतो. एरवी याकडे आपलं लक्ष जात नाही. सर्जरीनंतर मात्र आपण रोज आरशात निरखून बघतो.

त्यात आणखी एक गोष्ट घडते. आधीच लहान-मोठे असलेल्या स्तनांमध्ये एकाच मापाचे इम्प्लांट बसवले, तर जुना फरक तसाच राहतो, कधी तो जास्त ठळक दिसतो. म्हणूनच सर्जन आधी मोजमाप घेतात, फोटो काढतात आणि गरज असेल तर दोन बाजूंना वेगवेगळ्या मापांचे इम्प्लांट सुचवतात. सर्जरीआधीचे हे फोटो तुमच्याकडेही असू द्या. फरक नवा आहे की जुनाच, हे त्यावरूनच कळतं.

पहिल्या काही महिन्यांत काय होतं?

सुरुवातीला इम्प्लांट वर आणि घट्ट दिसतात. सूज उतरते, स्नायू सैल होतात, त्वचा ताणली जाते आणि इम्प्लांट हळूहळू खाली सरकून आपल्या जागी बसतात. याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. हे दोन्ही बाजूंना एकाच वेगाने होत नाही. ज्या हाताने आपण जास्त काम करतो, त्या बाजूचा स्नायू सैल व्हायला वेळ लागू शकतो.

म्हणून निव्वळ दिसण्यातला फरक सुधारण्यासाठी पुन्हा सर्जरी करायची असेल, तर सर्जन सहसा किमान सहा महिने, कधी वर्षभर थांबायला सांगतात. सूज असतानाच घाई केली, तर जो फरक आपोआप गेला असता त्यासाठी विनाकारण ऑपरेशन होतं.

कधी अजिबात थांबायचं नाही?

सर्जरीनंतर काही तासांत किंवा दिवसांत एकच बाजू झपाट्याने सुजली, टणक झाली, काळी-निळी पडली आणि वेदना वाढत गेल्या, तर आत रक्त साठलेलं असू शकतं. ते तातडीने काढावं लागतं.

ताप, लालसरपणा, टाक्यांतून पू किंवा पाणी येणं ही संसर्गाची लक्षणं आहेत. पोटरी दुखून सुजली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखू लागलं, तर रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना मेसेज करून उत्तराची वाट बघत बसू नका. थेट हॉस्पिटलमध्ये जा.

महिन्यांनी किंवा वर्षांनी फरक पडला तर?

त्याची कारणं वेगळी असतात.

कॅप्सूल आवळणं: शरीर कोणत्याही बाहेरच्या वस्तूभोवती एक पातळ आवरण तयार करतं. इम्प्लांटभोवतीही ते होतं आणि ते नॉर्मल आहे. पण काहींमध्ये हे आवरण जाड होऊन आवळतं, त्यामुळे स्तन टणक होतो आणि वर ओढला जातो. डॉक्टर याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत स्तन मऊ असतो. दुसरीत थोडा घट्ट लागतो, पण दिसायला ठीक असतो. तिसरीत आकार बिघडलेला दिसतो. चौथीत वेदनाही होतात.

इम्प्लांट जागेवरून सरकणं: तो खाली घसरू शकतो, काखेकडे जाऊ शकतो किंवा दोन्ही इम्प्लांट मध्यभागी एकमेकांजवळ येऊ शकतात. थेंबाच्या आकाराचा इम्प्लांट आतल्या आत फिरला तरी आकार बदलतो.

इम्प्लांट फाटणं: सलाईनचा इम्प्लांट फुटला तर मिठाचं पाणी शरीरात शोषलं जातं आणि ती बाजू काही दिवसांत बसते, त्यामुळे लगेच कळतं. सिलिकॉनचं जेल घट्ट असल्याने तो फाटला तरी बाहेरून काहीच दिसत नाही, असं होऊ शकतं. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने सिलिकॉन इम्प्लांट असलेल्यांनी काहीही त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासणी करावी, असं सुचवलं आहे.

शरीरातले बदल: गरोदरपण, स्तनपान, वजन कमी-जास्त होणं आणि वय यांमुळे स्तनांच्या मूळ पेशी बदलतात. इम्प्लांट मात्र तसाच राहतो.

एका बाजूला अचानक सूज आली, तर?

सर्जरीला वर्षं उलटल्यावर एकाच स्तनात सूज, पाणी साठणं किंवा गाठ आढळली, तर 'इम्प्लांट हलला असेल' असं म्हणून सोडून देऊ नका. इम्प्लांटभोवतीच्या आवरणात क्वचित होणारा एक लिम्फोमा आहे. तो स्तनाचा कॅन्सर नाही, तर रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याची वेगळी नोंद घेतली. तो प्रामुख्याने खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी जोडलेला आढळला. जुलै २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने आपले बायोसेल प्रकारचे इम्प्लांट जगभरातून परत मागवले ते याच कारणामुळे.

हा आजार दुर्मीळ आहे आणि लवकर सापडला तर इम्प्लांट व आवरण पूर्ण काढून बहुतेकदा बरा होतो. त्यासाठी साठलेलं पाणी तपासायला मात्र पाठवलंच पाहिजे. तुमच्या इम्प्लांटची कंपनी, प्रकार आणि सीरियल नंबर असलेलं कार्ड अशा वेळी कामी येतं. ते मिळालं नसेल तर आजच मागून घ्या.

रिव्हिजन सर्जरीत नेमकं काय करतात?

दुसऱ्यांदा केलेल्या या सर्जरीला 'रिव्हिजन' म्हणतात. काय करायचं, हे कारणावर ठरतं.

- माप चुकलं असेल तर एका किंवा दोन्ही बाजूंचे इम्प्लांट बदलतात.
- इम्प्लांट घसरला असेल तर आतली पोकळी टाके घालून लहान करतात. ऊती कमकुवत असतील तर आधारासाठी जाळी वापरली जाते.
- आवरण आवळलं असेल तर ते कापून सैल करतात किंवा काढून टाकतात. इम्प्लांट सहसा नवा बसवतात.
- त्वचा सैल पडून स्तन ओघळला असेल तर तो उचलून घेण्याची सर्जरी करतात. यात व्रण वाढतात.
- फरक थोडा असेल तर पोट किंवा मांडीची चरबी काढून कमी असलेल्या बाजूला भरतात. यातली काही चरबी शरीर शोषून घेतं, त्यामुळे पुन्हा भरावी लागू शकते.
- इम्प्लांट कायमचे काढून टाकणं हाही एक पर्याय आहे. तो निवडला म्हणजे आपण हरलो, असं नाही.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. दुसरी सर्जरी पहिलीपेक्षा कठीण असते. आत व्रण असतात, त्वचा आधीच ताणलेली असते. निपलची संवेदना कमी होणं, संसर्ग, पुन्हा आवरण आवळणं हे धोके राहतातच. फरक कमी करता येतो, शंभर टक्के सारखेपणाची हमी कुणीही देऊ शकत नाही. अशी हमी कुणी देत असेल, तर सावध व्हा.

खर्च कोण देणार?

बहुतेकदा आपणच. भारतातल्या आरोग्य विमा पॉलिसींमध्ये कॉस्मेटिक सर्जरी साधारणपणे वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तर अपवाद होतो. कॉस्मेटिक सर्जरीला जीएसटीची सूटही नाही. त्यामुळे पहिल्या सर्जरीआधीच 'रिव्हिजन लागली तर सर्जनची फी, भूल, हॉस्पिटल आणि इम्प्लांट यांचा खर्च कोण करेल?' हे विचारून लेखी घ्या. इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाहीत, हेही बजेट ठरवताना लक्षात असू द्या.

डॉक्टरच ऐकून घेत नसतील तर?

दुसऱ्या सर्जनचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. त्यांची प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. फॉलोअर्सचा आकडा ही पात्रता नाही.

तुमची कागदपत्रंही मागून घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायच्या असतात. धोके आणि पर्याय समजावून संमती घेणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं आहे. निष्काळजीपणा झाला असेल तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. पण दोन बाजूंत फरक राहिला, एवढ्यावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. तो या सर्जरीचा माहीत असलेला धोका आहे.

पुन्हा टेबलवर जाण्याआधी स्वतःला विचारा

हा फरक कपड्यांत दिसतो, की फक्त आरशासमोर? दुखतंय, टणक लागतंय, की फक्त खुपतंय? सर्जरीआधीच्या फोटोंत तो होता का? आणि थोडा फरक राहिला तर मला चालेल का?

उत्तरं काहीही असोत, ती एकटीने शोधायची गरज नाही. एका विश्वासू माणसाला सांगा आणि तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा. सर्जरी आपल्या मर्जीने केली म्हणून त्रास गुपचूप सोसायचा, असा नियम कुठेच नाही.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. उपचारांचा निर्णय प्रत्यक्ष तपासणीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)